सातपुड्याच्या चढावर इंजिनाचा श्वास

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायचे तर इंजिनाला सुमारे अकरा किलो हवा लागते. आकारमानात सांगायचे तर नऊ हजार लिटरच्या आसपास. पंपावर पैसे मोजावे लागतात ते इंधनाचे. हवा फुकट, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इंजिनाची ताकद मात्र तिच्यावरच ठरते. इंधन जास्त सोडणे सोपे आहे. ते जाळण्यापुरती हवा त्याच क्षणी आत पोचवणे अवघड. म्हणूनच गाडीची ताकद वाढवू पाहणारा माणूस आज सगळ्यात आधी बॉनेट उघडतो आणि हवेच्या फिल्टरला हात घालतो.

हा शौक पुण्या-मुंबईतला आणि अलीकडचा वाटतो. पण इंजिनाकडे जाणाऱ्या हवेची वाट बदलण्याचे काम बरेच जुने आहे. बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या अंगाने त्याकडे पाहिले, तर त्यामागची कारणे वेगळीच दिसतात. इथे प्रश्न वेगाचा नव्हता. चढ होता, धूळ होती आणि इंधनाची टंचाई होती.

बालाघाट जिल्हा १८६७ साली आकाराला आला. वैनगंगेच्या खोऱ्यातली भाताची सपाटी आणि घाट चढून वर गेल्यावर लागणारे बैहरचे जंगली पठार असे त्याचे दोन भाग. मध्य प्रांताच्या काळात तो नागपूर विभागात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सरहद्द आखली गेली, तरी गोंदियाचा बाजार, नागपूरचे कारखाने आणि मराठी-पोवारी बोलणारी नातीगोती तुटली नाहीत. गाडीचा सुटा भाग आणायला इथला मिस्त्री नागपूरकडेच पाहत आला.

इंजिनाच्या दृष्टीने हा मुलूख कठीण आहे. दर शंभर मीटर उंचीमागे हवा साधारण एक टक्का विरळ होते. बैहरचे पठार बालाघाट शहराहून दोन-अडीचशे मीटर उंच, म्हणजे उंचीचा फटका फार मोठा नाही. खरा फटका उन्हाचा. पंधरा अंश तापमानाला जेवढी हवा सिलिंडरमध्ये मावते, तिच्या नऊ-दहा टक्के कमी हवा पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मावते. मे महिन्यात भरलेली गाडी गांगुलपाऱ्याचा घाट चढताना सुस्त होते, त्यात चढाचा वाटा मोठा असतो आणि या तापलेल्या हवेचाही असतो.

या जिल्ह्यात यंत्राची ताकद आधी आली ती रुळांवरून. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा अडीच फूट रुंदीचा मार्ग १९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला केला. त्या वाफेच्या इंजिनांत हवेची सोय फार हुशारीने केलेली असे. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ फुकट जात नसे. ती एका नळीतून धुराड्यात जोराने सोडली जाई. त्या झोताने समोरच्या भागात पोकळी निर्माण होई आणि भट्टीतल्या कोळशांमधून ताजी हवा आपोआप ओढली जाई. चढावर इंजिनाला जास्त वाफ लागली की झोत वाढे, झोत वाढला की हवा वाढे आणि हवा वाढली की आग भडके. गाडीचा तो ओळखीचा भक्-भक् आवाज याच झोताचा. नळीचे तोंड किती रुंद ठेवायचे यावर इंजिनाचे सगळे गणित अवलंबून असे. ते अरुंद केले तर आग चांगली पेटे, पण सिलिंडरमधून वाफ बाहेर पडायला अडे. रुंद केले तर उलटे होई. हवेच्या वाटेत एकीकडे मिळवले की दुसरीकडे काही द्यावे लागते, हा हिशेब मोटारीच्या इंजिनातही पुढे तसाच राहिला.

रेल्वे आली त्याच सुमारास मँगनीजला भाव आला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धामुळे आणि रशियातल्या उलथापालथीमुळे तिकडचे मँगनीज बाजारातून कमी झाले आणि पोलाद कारखान्यांनी मध्य प्रांताकडे मोर्चा वळवला. भरवेली, उकवा, तिरोडी या इथल्या खाणींची नावे लंडनच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी आली. भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात या पट्ट्याचे सविस्तर वर्णन आहे. माल रुळांपर्यंत नेण्यासाठी आधी बैलगाड्या होत्या, मग हळूहळू लॉऱ्या आल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि शेवरलेचे सांगाडे देशभर सहज मिळू लागले. त्यांच्यावर लाकडी बॉडी चढवून सर्व्हिस मोटार, म्हणजे प्रवासी बस, तयार होई.

त्या काळच्या गाड्यांची हवेची वाट पाहिली तर आजच्या शौकिनाला नवल वाटेल. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत एअर क्लीनर नव्हताच. उलट एग्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांभोवतून गरम हवा कार्बोरेटरला पुरवणारी एक पत्र्याची नळी तिला होती. त्या वेळचे पेट्रोल जड असे, थंडीत त्याची नीट वाफ होत नसे, म्हणून मुद्दाम गरम हवा द्यायची. डेट्रॉइटच्या हिवाळ्यासाठी हा उपाय रास्त होता. वैनगंगेच्या काठी उन्हाळ्यात त्याची गरज नव्हती. उष्ण प्रदेशात ही नळी काढून टाकली की इंजिनाला थोडी दाट हवा मिळे. आजचा माणूस ज्याला ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणतो, त्यामागचा विचार एवढाच आहे.

हवेच्या वाटेतला सर्वांत मोठा बदल मात्र युद्धाने घडवला.

१९४१ मध्ये भारतात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या इंग्रजांनी येनांजाउंगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. ब्रह्मदेशाचे तेल बंद झाले आणि उरलेल्यावर पहिला हक्क लष्कराचा होता. खासगी मोटारी घरात उभ्या राहिल्या. बस आणि लॉऱ्या मात्र उभ्या ठेवून चालणार नव्हते. बाजार, टपाल, खाणींचा माल सगळे त्यांच्यावर होते. मग देशभर बसच्या मागच्या बाजूला किंवा बगलेला एक उंच लोखंडी पिंप दिसू लागले. लोक त्याला गॅस प्लांट म्हणत आणि ती गाडी म्हणजे कोळशावरची मोटार.

त्या पिंपात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि त्याला पुरेशी हवा द्यायची नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो जळाऊ असतो. पिंपातून निघालेला हा वायू आधी थंड करायच्या नळ्यांतून आणि मग काथ्या, कापड किंवा तेलाच्या गाळणीतून फिरवत इंजिनापर्यंत आणायचा. तिथे एक मिश्रक बसवलेला असे. त्यात वायू आणि ताजी हवा एकत्र होऊन सिलिंडरमध्ये जात. कार्बोरेटर आणि एअर क्लीनर यांच्या जागी आता नळ्यांचे नवे जाळे आले होते. म्हणजे ही इंजिनाच्या हवेच्या वाटेची पूर्ण नवी मांडणी होती. एकदा गाडी चालू झाली की पिस्टन स्वतःच हवा ओढत, ती हवा पेटत्या कोळशातून जाई आणि इंजिनाच्याच ओढीने त्याचे इंधन तयार होई. वाफेच्या इंजिनात बाहेर पडणारा झोत आगीतून हवा ओढत होता. इथे तेच काम आत ओढणाऱ्या पिस्टनने केले.

याची किंमत ताकदीत द्यावी लागली. पेट्रोलवर चालताना सिलिंडरमधल्या मिश्रणात पेट्रोलच्या वाफेचा वाटा आकारमानाने दोन टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी सगळी हवा. कोळशाच्या वायूत निम्म्याहून अधिक निष्क्रिय नायट्रोजन असतो. असा वायू जाळायला जवळजवळ तेवढीच हवा पुरते, म्हणजे सिलिंडरची अर्धी जागा वायूच व्यापतो. हवेसाठी निम्मीच जागा उरते. परिणामी इंजिनाची ताकद तीस ते पन्नास टक्क्यांनी घटत असे. सपाटीवर गाडी रेटून चाले, घाटात ती हटून बसे.

मिस्त्र्यांची खरी कसोटी इथे लागली. वायू सावकाश जळतो म्हणून ठिणगी लवकर पडावी अशी मांडणी करायची. वायू जास्त दाब सहन करतो म्हणून हेड घासून दाब वाढवायचा. वायू थंड झाला तर दाट होतो, म्हणून थंड करायच्या नळ्या वाऱ्यासमोर आणायच्या. हवेची झडप चालकाच्या हाताशी ठेवायची, कारण मिश्रणाचे प्रमाण सतत बदलावे लागे. चढ लागला की थोडेसे जपून ठेवलेले पेट्रोल सोडायचे आणि माथ्यावर पोचलो की पुन्हा वायूवर यायचे. कमी ताकदीच्या इंजिनातून जास्तीत जास्त काढण्याची ही विद्या होती आणि ती कागदावर नाही, गॅरेजमध्ये शिकली गेली.

चालकाच्या मदतनिसाचे, म्हणजे क्लीनरचे, कामही वाढले. सकाळी गाडी निघण्याआधी पंधरावीस मिनिटे हाताने पंखा फिरवून कोळसा फुलवायचा. वाटेत थांबून वरून कोळसा भरायचा, राख काढायची, गाळणी झटकायची. एका लिटर पेट्रोलचे काम करायला साधारण दीड किलो कोळसा लागे. साल-सागाच्या जंगलांचा मुलूख असल्याने सरपण आणि लोणारी कोळसा हा इथला जुनाच धंदा होता. आता मोटारीच्या इंधनाची भर त्याच्यावर पडली. कोळसा ओला असेल तर वायू पातळ निघे, बारीक भुकटी असेल तर वाट तुंबे. धोका तर रोजचाच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवली तर माणूस बेशुद्ध पडून जिवानिशी जाऊ शकतो.

जगभर हेच चालले होते. फ्रान्समधल्या जॉर्ज इम्बेर या अभियंत्याने १९२० च्या दशकात थेट लाकडावर चालणारे यंत्र बनवले होते. त्याच्या पद्धतीवर युद्धकाळात जर्मनीत सुमारे पाच लाख वाहने धावली. स्वीडनने आपल्या लॉऱ्या आणि बस लाकडावर नेल्या. युद्ध संपले, पेट्रोल परत मिळू लागले आणि ही पिंपे भंगारात गेली. पण हवेच्या नळीत काय घालावे, कुठून घालावे आणि किती, हे हाताने जमवलेले मिस्त्री मागे राहिले.

त्यांचा पुढचा शत्रू होता धूळ. युद्धानंतर लष्कराच्या जुन्या विलीज जीप बाजारात आल्या. १९४७ मध्ये महिंद्रने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. खाण, वनखाते, शिकार, निवडणूक, सगळीकडे जीप दिसू लागली. तिच्या इंजिनावर तेलाचा एअर क्लीनर असे. आत आलेली हवा तेलाच्या थाळीवर झपकन वळते, जड धूळकण वळू शकत नाहीत आणि तेलात अडकतात. उरलेली धूळ वरच्या तेलकट जाळीत राहते. कच्च्या रस्त्यावर ही थाळी वरचेवर धुवावी लागे. तळाशी बसलेला लाल-काळा गाळ पाहिला की चालकाला कळे, की हे सगळे इंजिनात गेले असते. धुळीतली वाळू पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत खाते. मग गाडी तेल पिते, निळा धूर सोडते आणि तिचा दम जातो. मँगनीजच्या पट्ट्यात एअर क्लीनर काढला की गाडी हलकी धावेल असे समजणाऱ्याला काही महिन्यांत इंजिन उघडावे लागे.

पुढे ट्रकांनी डिझेल घेतले. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. १९६२ हे दोन कारणांनी महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी मँगनीज खाणींसाठी आजच्या ‘मॉयल’ची मूळ कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनी उभी राहिली. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत पेट्रोलसारखी झडप नसते. ते दर वेळी पूर्ण हवा घेते आणि ताकद इंधनाच्या मापाने बदलते. हवा कमी आणि डिझेल जास्त झाले की काळा धूर निघतो. पंपाचा स्क्रू पिळून ट्रकचा जोर वाढवणाऱ्याला हा धूर दिसायचाच. त्यावर खरा उपाय स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच पेटंट करून ठेवला होता. बाहेर जाणाऱ्या गरम वायूने चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची. हा टर्बोचार्जर पुढे ट्रकांत आणि खाणीच्या यंत्रांत रूढ झाला. दाबलेली हवा तापते, म्हणून मध्ये तिला थंड करणारा इंटरकूलर आला. १९८२ मध्ये याच जिल्ह्यातली मलाजखंडची तांब्याची खुली खाण हिंदुस्थान कॉपरने सुरू केली. अशा खाणींत चालणाऱ्या मोठ्या डंपरांना आधी भोवऱ्यासारखी हवा फिरवून जड धूळ बाहेर फेकणारा पूर्व-क्लीनर असतो आणि त्यानंतर कागदी फिल्टर. इथे हवेची वाट म्हणजे यंत्राच्या किमतीच्या बरोबरीने जपायची गोष्ट आहे.

शौकाची पायरी आली ती मारुती जिप्सीबरोबर. ही गाडी १९८५ च्या अखेरीस आली, ९७० सीसीच्या लहान इंजिनाची. कान्हाच्या मुक्की दाराने, म्हणजे बालाघाट जिल्ह्याच्या बाजूने, जंगलात जाणाऱ्या पर्यटकांनी ती वर्षानुवर्षे पाहिली. भारतातल्या रॅलींवरही बराच काळ हीच गाडी राज्य करत होती. रॅलीवाल्यांनी तिचा कार्बोरेटर बदलला, नदी-नाले ओलांडण्यासाठी हवेची नळी छताच्या उंचीपर्यंत नेली, तेलात भिजवलेल्या सुती जाळीचे फिल्टर लावले. अशा सुती फिल्टरांना अमेरिकेत १९६० च्या दशकात शर्यतींतून नाव मिळाले होते. त्यांची गुंतागुंत इथेच आहे. जाळी मोकळी तर हवा सहज जाते, पण बारीक धूळही जास्त जाते. आणि तेल जास्त लागले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चढून त्याला चुकीचे बोलायला लावते.

नागपूर, पुणे, मुंबईच्या दुकानांत आज जो शंकूच्या आकाराचा फिल्टर सर्रास मिळतो, त्याच्याबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. कंपनीचा काळा डबा काढून हा शंकू बॉनेटखाली उघडा ठेवला, तर तो इंजिनाजवळची साठ-सत्तर अंशांची हवा ओढतो. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत पासष्ट अंशांची हवा घेणे म्हणजे सुमारे सहा टक्के हवा आधीच गमावणे. कंपनीची नळी बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीजवळून किंवा फेंडरमधून बाहेरची हवा घेते, म्हणजे ‘कोल्ड एअर’ची सोय तिथे आधीपासूनच असते. मोठा आवाज येतो म्हणून जोर वाढल्यासारखे वाटते. पण तो येतो, कारण आवाज दाबण्यासाठी कंपनीने बसवलेला पोकळ डबा काढलेला असतो. साध्या इंजिनात नीट विचार करून केलेला बदलही फार तर काही टक्क्यांचा फरक देतो. हवेचा खरा लाभ टर्बो असलेल्या इंजिनाला होतो आणि तिथेही इंजिनाचा संगणक नव्याने जुळवावा लागतो.

हे सारे सर्वांत स्पष्ट दिसते ते विद्यार्थ्यांच्या शर्यतींत. फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या स्पर्धांत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा वीस मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून गेली पाहिजे असा नियम असतो. त्या गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की त्याहून जास्त हवा काही केल्या आत जात नाही. मग भोकाआधीचा आणि नंतरचा आकार, पुढच्या हवापेटीचे आकारमान, प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीची लांबी, यांतच डोके लढवावे लागते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ या गणितावर महिने घालवतात. मध्य प्रदेशात पीथमपूरच्या चाचणी-मैदानावर २००७ पासून रंगलेल्या बाहा स्पर्धेत नियम उलटा. तिथे सगळ्यांना एकच ठरलेले इंजिन मिळते आणि त्याला हात लावायचा नाही.

रस्त्यावरच्या गाडीसाठी कायदा बाहाच्या बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ म्हणते, की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. या कलमाने एक वाट मात्र मोकळी ठेवली आहे, ती इंधन बदलण्याची. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजीचे किट बसवून आरटीओकडे नोंद करता येते. कार्बोरेटरच्या गाड्यांना बसणाऱ्या या किटमध्ये हवेच्या नळीत एक मिश्रक असतो आणि त्यात वायू हवेशी एकजीव होतो. युद्धकाळातल्या कोळशाच्या मोटारीतला मिश्रक हेच काम करत होता. ताकद थोडी घटते, चढावर पेट्रोलवर यावे लागते, आणि एक किलोमीटर किती रुपयांना पडतो हा हिशेब करून माणसे ते स्वीकारतात.

आता इंधनच बदलते आहे. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला आणि त्यातले बरेचसे इथेनॉल धान्यापासून, तुटक्या तांदळापासूनही होते. चिन्नोर तांदळासाठी २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या बालाघाटला भाताची बाजारपेठ नवी नाही. इथेनॉलला हवा कमी लागते. एक किलो साध्या पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, तर या मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून इंधन आपोआप वाढवतो. जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकली आणि जीपना तो सेन्सर नाही. त्यांना तेवढ्याच हवेत इंधन अपुरे पडते, गाडी मिसिंग करते, आणि मिस्त्रीला पुन्हा कार्बोरेटर उघडून हवेचा स्क्रू आणि जेट यांच्याशी जुळवाजुळव करावी लागते.